स्पेअरच्या पेटीतला जबडा

माझ्या साहेबाने ध्रुवाकडच्या थंडीचा सराव मटणाच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये केला. अमेरिकेचं सैन्य कुवेतमधून इराकमध्ये शिरलं त्या वर्षीचा ऑगस्ट. बाहेर गाडीच्या दाराला उघडा हात लावायची सोय नव्हती आणि आत उणे वीस. शुवैख बंदराजवळच्या त्या गोदामाची यंत्रणा आमची कंपनी सांभाळायची आणि ते काम माझ्याकडे होतं. मी नाशिकचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. कुवेतमध्ये तेव्हा मला नऊ वर्षं झाली होती आणि ती सगळी कंप्रेसर आणि डिझेल इंजिनं उघडण्यात गेली होती.

साहेब म्हणजे आमचा जनरल मॅनेजर. युरोपातला, पन्नाशीचा, अंगाने काटक. त्याच्याबरोबर त्याचे तीन मित्र होते, एक दातांचा डॉक्टर आणि दोघे बँकेतले. चौघांनी मिळून लोखंडी बांध्याची एक शिडाची यॉट घेतली होती आणि ती नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या बंदरात उभी होती. पुढच्या मे महिन्यात त्या यॉटने स्वालबार्डच्या बेटांवर जायचं, समुद्रातून सरळ वर उठलेल्या बर्फाच्या डोंगरांवर स्की लावून चढायचं आणि माथ्यावरून घसरत परत पाण्यापर्यंत यायचं, असा त्यांचा बेत. स्की म्हणजे खाली घसरायचं एवढंच मला माहीत होतं. चढायचं कसं ते साहेबाने हौसेने समजावलं. स्कीच्या तळाला केसाळ कापडाची पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे घसरत नाही.

तर हे चौघे जाड कपडे, बूट घालून मेंढ्यांच्या लटकत्या धडांमधून दोन तास चालले. मग त्यांनी तिथेच तंबू उभारला आणि स्टोव्ह पेटवून बघायला घेतला. स्टोव्हचा पंप दाबताना रॉकेल उडालं आणि तीन धडांवर त्याचे ओघळ आले. मी साहेबाला म्हणालो, ही काढून टाकायला हवीत. त्याने मला फडक्याने पुसून घ्यायला सांगितलं. पुसलं मीच. दुसऱ्या आठवड्यात ती धडं इतर मालाबरोबर बाहेर गेली. त्यानंतर दोन महिने मी घरी मटण आणलं नाही. बायकोने कारण विचारलं तेव्हा पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

मला बरोबर न्यायचं ठरलं ते यॉटच्या इंजिनामुळे. जुनं डिझेल इंजिन होतं आणि तसल्याच जातीची इंजिनं आमच्या जनरेटरांवर होती. अम्गऱ्याच्या भंगार बाजारात हिंडून मी त्याचं सिलिंडर हेड, दोन पंप आणि वॉशर-गॅस्केटचा ढीग जमवला आणि एका लोखंडी पेटीत भरला. पेटीवर कंपनीच्या माणसाने माझं नाव आणि पासपोर्ट नंबर पांढऱ्या रंगात लिहिला, कारण विमानात ती माझ्या नावावर जाणार होती. साहेब म्हणाला, तुझी वार्षिक रजा शिल्लकच आहे, त्या रजेत चल. जणू बक्षीस देत होता.

त्या रजेत आम्ही नाशिकला जाणार होतो. मुलीने तीन वर्षांत आजी-आजोबांना पाहिलं नव्हतं आणि त्यांच्याशी फोनवर बोलताना ती मराठीत अडखळून पुन्हा इंग्रजीत शिरायची. बनेद अल-गारच्या आमच्या दोन खोल्यांत बायकोने आधीच बॅगा खाली काढून ठेवल्या होत्या. मी सांगितल्यावर तिने त्या परत माळ्यावर चढवल्या. "नाही म्हणता येत नाही का तुम्हाला?" एवढंच तिने विचारलं. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, कंपनीचा शिक्का आणि दुसरीकडे नोकरी धरायची तर लागणाऱ्या रिलीजच्या कागदावर याच माणसाची सही. हे तिलाही ठाऊक होतं. म्हणून तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

यॉटची कप्तान एक नॉर्वेजियन बाई होती. साठीची, रुंद खांद्यांची, फार कमी बोलणारी. बोट या चौघांची असली तरी चालवायला तिला ठेवलेलं होतं. निघायच्या आधी तिने सगळ्यांना डेकवर उभं करून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, संडासात कागदाखेरीज काही टाकायचं नाही, कारण नळी तीन बोटांएवढी आहे. दुसरी, बेटांवर जुन्या काळच्या देवमासे मारणाऱ्या लोकांच्या कबरी आहेत आणि तिथल्या एका खिळ्यालाही हात लावायचा नाही. कायदा आहे, ती म्हणाली. मग म्हणाली, कायदा नसता तरी लावायचा नाही.

पहिली गोष्ट त्यांनी दुसऱ्याच दिवशी मोडली. भर समुद्रात बोट इतकी कलत होती की चौघेही आडवे झाले होते. ज्याला जिथे उलटी आली तिथे त्याने ती केली आणि तोंड पुसलेली ओली फडकी संडासात टाकली. नळी तुंबली. वर आलेलं पाणी बोटीच्या हेलकाव्याबरोबर उंबरठा ओलांडून केबिनमध्ये हिंडू लागलं. साहेबाने बिछान्यातून डोळे न उघडता मला सांगितलं, "इंजिनिअर, बघ जरा."

मी पाना घेऊन त्या घाणीत गुडघे टेकले, नळी सोडवली आणि हात कोपरापर्यंत आत घालून फडकी ओढून काढली. लोकांनी खाल्लेलं सगळं त्यांना लटकलेलं होतं. तो वास पुढे कितीतरी दिवस माझ्या नखांत होता. बोटीवरच्या बावीस दिवसांत हे काम मी पाच वेळा केलं. कप्तान बाईने दोनदा त्यांना सुनावलं. एकदा ती स्वतः माझ्याबरोबर खाली बसली आणि बादली धरली. त्या चौघांपैकी कुणी पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. जेवायला बसताना दातांचा डॉक्टर मला म्हणाला की मी टेबलाच्या त्या टोकाला बसलो तर बरं, वास येतो.

तेव्हा मला नाशिकची एक बाई आठवली. मी लहान असताना आमच्या इमारतीचे संडास साफ करायला ती यायची. आई तिला चहा द्यायची, दांडी तुटलेल्या कपात. तो कप ती स्वतः धुऊन जिन्यातल्या कोनाड्यात ठेवायची. मी एकदा खेळता खेळता तो कप उचलला, तर आईने मला भर दुपारी अंघोळ घातली होती. इतक्या वर्षांत मला त्या अंघोळीचं काही वाटलं नव्हतं. टेबलाच्या टोकाला सरकताना वाटलं. डॉक्टरची किळस आली होतीच, आता तिच्यात माझं घरही आलं. त्या बाईचं नाव काय होतं ते मी खूप आठवून पाहिलं. आम्ही कुणी ते कधी विचारलंच नव्हतं.

बेटं दिसली तेव्हा आधी वास आला. किनाऱ्यावर वॉलरस पडले होते, पोत्यांसारखे एकमेकांवर, आपल्याच घाणीत. बँकेतले दोघे नाकाला रुमाल लावून फोटो काढत होते. मला तो वास त्यातल्या त्यात बरा वाटला. त्या जनावरांनी तो दुसऱ्या कुणाला निस्तरायला ठेवला नव्हता.

डोंगर चढायचा दिवस तिसऱ्या खाडीत आला. हवा स्वच्छ होती. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळत नाही, तो नुसता आभाळाच्या कडेकडेने फिरतो. चौघे पहाटेच छोट्या रबरी होडीतून किनाऱ्याला उतरले, दोराने एकमेकांना बांधून घेतलं आणि हिमनदीवरून चढू लागले. मुंग्यांएवढे होईपर्यंत मी त्यांना कप्तान बाईबरोबर किनाऱ्यावरून पाहत होतो. तासाभराने एक मुंगी परत फिरली. तो दातांचा डॉक्टर होता. टाचेला फोड आला म्हणून तो वाटेतून उतरून आला, दुसरी बंदूक घेतली आणि जरा फिरतो म्हणून किनाऱ्याने गेला. बंदूक पांढऱ्या अस्वलांसाठी, तिच्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकत नाही.

कप्तान बाईने मला विचारलं, कधी बर्फावर चढलायस? मी नाही म्हणालो. तिने आपले जुने स्की माझ्या बुटांना बांधले, स्वतःची बंदूक खांद्याला अडकवली आणि मला शेजारच्या उतारावर नेलं. ती पुढे, मी मागे. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, हे कळायला दहा मिनिटं लागली. मग जमलं. फक्त पट्ट्यांची खसखस ऐकू येत होती. वीसेक मिनिटांत आम्ही इतके वर आलो की बोट खाली दिसली आणि हवेला कसलाच वास नव्हता. त्या बावीस दिवसांत स्वच्छ वाटलं ते तेवढ्या वेळापुरतं. वरून मला डॉक्टर दिसला. दूर, जिथे वाऱ्याने बर्फ उडून दगड उघडे पडले होते तिथे तो गुडघ्यांवर वाकला होता. शौचाला बसला असेल असं वाटून मी तोंड फिरवलं.

उरलेल्या तिघांनी शिखर गाठलं. ते खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. संध्याकाळी ते वरून वळणं घेत उतरले तेव्हा मीही पाहत राहिलो. सुरेख उतरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला निघालो. दुपारी इंजिन तापलं, थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक फाटलं होतं. नवीन काढायला मी माझी पेटी उघडली. गॅस्केटच्या ढिगाखाली माझाच टॉवेल गुंडाळून ठेवलेला होता. उलगडला तर आत माणसाचा खालचा जबडा निघाला.

तपकिरी, हलका, सात दात शाबूत. बाजूच्या दोन दातांमध्ये एक गोल खाच होती. मला वाटलं किडीने झाली असेल. पुढे कप्तान बाईने सांगितलं की ते लोक मातीच्या चिलमी ओढायचे आणि वर्षानुवर्षं एकाच जागी धरून त्या दातांना अशी खाच पडायची. एका कोपऱ्याला अजून ओली माती चिकटलेली होती. समुद्राने मला एकदाही उलटी झाली नव्हती, ती तिथे झाली, इंजिनाशेजारच्या बादलीत.

रबरी चाक बसवून मी डॉक्टरला गाठलं. तो लाजला नाही. क्लिनिकमध्ये काचेच्या कपाटात ठेवायचाय, म्हणाला, ती खाच पेशंटना फार आवडेल. माझ्या पेटीत का, असं विचारल्यावर त्याने साहेबाकडे बघितलं. म्हणजे साहेबालाही ठाऊक होतं. साहेब शांतपणे म्हणाला की इंजिनिअरची तेलकट पेटी कुणी उघडत नाही. मी म्हणालो, पेटीवर माझं नाव आहे.

"तुझ्या रिलीजवर कुणाचं नाव असतं?" त्याने विचारलं आणि कॉफीत साखर घातली.

 मी अख्खा एक दिवस गप्प बसलो आणि त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त घाण वाटते. मी जेवलो, झोपलो, तेल तपासलं, टॉवेल होता तिथेच परत ठेवून वर गॅस्केट नीट रचली. मुलीची शाळा, घरभाडं, नाशिकचे आई-वडील, सगळी कारणं मी स्वतःला सांगितली आणि ती सगळी खरी होती. तेलकट फडक्याने मटण पुसतानाही हीच कारणं होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला डॉक्टर काडीने दात कोरत बसला होता. मला पुढचं काही खाता येईना. मी उठलो, पेटी उघडली, टॉवेल घेतला आणि वर जाऊन कप्तान बाईच्या नकाशाच्या टेबलावर उलगडला.

तिने जबड्याच्या खाचेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "कुठून?"

मी नकाशावर ती खाडी दाखवली. मी घेतला नाही, असंही म्हणालो.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. तिने तो एका धुतलेल्या पंच्यात बांधला, वहीत काहीतरी लिहिलं आणि बोट वळवली.

ऊन भलत्या बाजूने आत येऊ लागलं तेव्हा साहेब वर आला. मग मोठी बाचाबाची झाली. त्यांची विमानं चुकणार होती, बँकेतल्या एकाची मीटिंग होती. तीनशे वर्षांच्या हाडासाठी जिवंत माणसांची गैरसोय कशाला, असं ते म्हणत होते. बोट आमची आहे, हेही झालं. बाईने सुकाणू सोडलं नाही. "बोट तुमची आहे आणि कप्तान मी आहे," ती म्हणाली. "कुणाला उतरायचं असेल तर किनारा जवळच आहे." कुणी उतरलं नाही. चौदा तास आम्ही वाऱ्याच्या तोंडावर गेलो आणि तेवढा वेळ मी इंजिनाजवळ बसून होतो. ते बंद पडू नये अशी मी कधी नव्हे ती प्रार्थना केली.

किनाऱ्यावर आम्ही दोघंच गेलो. तिने डॉक्टरलाही बोलावलं होतं, तो पांघरूण ओढून पडून राहिला. कबर म्हणजे दगडांचा एक ढीग होता, त्याने एका बाजूने उपसलेला. आत करड्या पडलेल्या फळ्या, थोडी हाडं आणि डोक्याला लोकरीच्या टोपीची एक किनार. दगड काढताना डॉक्टरचं एक चॉकलेटचं वेष्टन तिथेच पडलं होतं, तेही आम्ही उचललं. बाईने जबडा त्याच्या जागी ठेवला. फळी सरकवून आम्ही एकेक दगड परत रचला. तिने टोपी काढली आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. पुरलेल्या माणसासाठी काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. मी मराठीत म्हणालो, माफ करा. मोठ्याने म्हणालो, कारण वारा होता.

बेटांवरच्या मुख्य गावाच्या, लाँगयिअरब्येनच्या, बंदरात तिने सगळं सरकारी अधिकाऱ्यांना कळवलं. डॉक्टरला दोन तास बसवून ठेवलं आणि दंड केला. मलाही विचारलं, मी होतं तसं सांगितलं. निघताना बाईने माझा हात हातात घेतला. ज्या हाताचा वास येतो म्हणून मला टेबलाच्या टोकाला बसवलं होतं, तो हात तिने चांगला घट्ट दाबला.

कुवेतला परतल्यावर साहेबाने मला एक शब्द विचारला नाही. आठवड्याभरात माझी बदली अम्गऱ्याच्या यार्डात झाली, जुने कंप्रेसर उघडून तांबं वेगळं करायच्या कामावर. चार महिने मी तेच केलं.

मग त्यांनी आपल्या मोहिमेचा कार्यक्रम ठेवला, समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर फोटो दाखवून. कंपनीच्या सगळ्यांना सहकुटुंब यायचं बोलावणं होतं. रिलीजचा अर्ज मी नुकताच दिला होता, त्यामुळे न जाऊन चालणार नव्हतं. बायको आणि मुलगी बरोबर होत्या. जबड्याचं खरं काय झालं ते बायकोला मी परतल्यावर सांगितलं होतं. शिखराचे फोटो झाले, वॉलरसचे झाले. मग पडद्यावर डॉक्टरने उपसायच्या आधी टिपलेला तो दगडांचा ढीग आला आणि साहेबाचा आवाज हळवा झाला. त्याने सांगितलं की बोटीवरच्या एका कामगाराने अजाणतेपणी एक अवशेष उचलला होता. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही विमानं सोडली आणि चौदा तास उलटे जाऊन तो परत ठेवला, कारण डोंगर चढणाऱ्याला काही तत्त्वं असतात. दातांचा डॉक्टर पहिल्या रांगेत मान डोलावत होता.

बोटीवर कामगार कोण होता हे सगळ्यांना माहीत होतं. लोक वळून माझ्याकडे पाहू लागले. काहीजण समजूतदारपणे हसले. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या.

बायको मला म्हणाली, "तो कामगार म्हणजे तुम्ही?" मी तिला हळू बोलायला सांगितलं. ती मुलीचा हात धरून उठली आणि बाहेर गेली. मी शेवटपर्यंत थांबलो. कबाब होते, तेही खाल्ले आणि जाताना साहेबाशी हात मिळवला.

महिन्याभराने त्याने सही केली आणि मी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथे पंधरा वर्षं बरी गेली. कप्तान बाईला मी एक पत्र लिहिलं होतं आणि तिचं उत्तर आलं. नव्या रबरी चाकाने तीन मोसम काढले, एवढीच बातमी त्यात होती. हॉलमधलं मी तिला कळवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बाहेर आलो तेव्हा दोघी गाडीजवळ उभ्या होत्या. घरी जाताना बायको म्हणाली की उभं राहून खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, ते तिला कळतं. "पण टाळ्या का वाजवल्या?" तिने विचारलं.

मी वाजवल्या होत्या हे तिने सांगेपर्यंत माझ्या लक्षात नव्हतं. मागच्या सीटवरून मुलगी इंग्रजीत म्हणाली की सगळेच वाजवत होते.